नमुना बाद

"आई, ऐकलंस का, गार्गी ऐनापुरे बाद निघाली!"

दप्तर सोफ्यावर भिरकावून आर्जवीनं ही बातमी जाहीर केली, तेव्हा वृंदा मगदूम ओट्याशी पोह्यांची फोडणी करत होती. मोहरी तडतडून काळी पडली तरी तिचा हात काही हलेना.

"बाद म्हणजे काय?" तिनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. हा शब्द सबंध जिल्ह्यात तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

"बाद म्हणजे बाद गं! मायमशीनवर. आज ब वर्गाचा कॅम्प होता ना? तूच तर बसली होतीस की. गार्गीचं बोट टोचलंस, तिच्या मम्मीचं टोचलंस आणि म्हणालीस, रक्त गोठलं, नमुना बाद. झालं! सगळ्यांना कळलं. ती त्यांची नाहीच, आणलेली आहे. मधल्या सुट्टीत पोरं नुसती बाद, बाद म्हणून ओरडत होती. ती जाऊन जिन्याखाली बसली."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी पण ओरडले," आर्जवी म्हणाली. मग आईचा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला. "थोडंसंच."

वृंदानं कसेबसे पोहे परतले, वाढले, वर लिंबू पिळलं. दहा वर्षांची पोरगी ती, चार घास खाऊन खेळायला पळाली. आणि सोळा वर्षं लोकांची रक्तं काढताना जिचा हात कधी थरथरला नव्हता ती ही बाई, ओट्याला टेकून ढसाढसा रडली. कारण आर्जवीसुद्धा आणलेलीच होती. आर्जवीला ते माहीत नव्हतं. आणि येत्या सोमवारी अ वर्गाचा, म्हणजे आर्जवीच्याच वर्गाचा, कॅम्प होता.

आता ही मायमशीन काय भानगड आहे ते सांगायला हवं. मूल पोटात असतं तेव्हा नाळेतून त्याला नुसतं अन्न मिळत नाही. आईच्या रक्तातल्या थोड्या पेशीही त्या वाटेनं पलीकडे जातात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. मूल जन्मतं, मोठं होतं, म्हातारं होतं, तरी या पाहुण्या काही उठायचं नाव घेत नाहीत. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, पण त्याचा उपयोग काय हे कळायला बरीच वर्षं गेली. एरवी परक्या पेशी दिसल्या की शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. दुसऱ्याचं यकृत, दुसऱ्याची कातडी बसवली की जन्मभर औषधं खावी लागतात ती त्यामुळेच. आईच्या पेशींशी मात्र शरीराची जन्माआधीच ओळख झालेली असते. ज्या मुलाच्या अंगात या पेशी पुरेशा शिल्लक असतील, त्याला आईची कातडी किंवा आईच्या यकृताचा तुकडा एकाही गोळीशिवाय बसवता येतो, असं एकदा सिद्ध झालं आणि दवाखान्यांचं चित्रच पालटलं. भाजलेली पोरं वाचायला लागली. मग सरकारनं योजना काढली. पाचवीतल्या प्रत्येक मुलाची आईसकट तपासणी करायची आणि त्याच्या आरोग्यकार्डावर कायमची नोंद करायची, 'दाता: आई'.

मशीन आपल्या मिक्सरएवढंच. मुलाचा एक थेंब, आईचा एक थेंब. मुलाच्या थेंबातल्या लाखो पेशींतून ते या पाहुण्या तेवढ्या हुडकून काढतं आणि पडद्यावर ठिपके दाखवतं. शेजारी बसलेल्या आईच्याच असतील तर पिवळे. दुसऱ्या कुणाच्या असतील तर निळे.

निळे दिसले तर काय करायचं, हा विचार योजना काढणाऱ्यांच्या डोक्यातच आला नव्हता. तो करावा लागला वृंदाला. पहिल्याच आठवड्यात एका खेड्यातल्या शाळेत समोरच्या बाईनं ते निळे ठिपके पाहिले आणि तिचा चेहरा असा पांढराफटक पडला, की वृंदानं पटकन पडदा आपल्याकडं फिरवला आणि म्हणाली, "रक्त गोठलं बघा. नमुना बाद." बाईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. वृंदाच्या साहेबांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती मार्गदर्शक पुस्तिकेतच घातली: निळं दिसलं की 'नमुना बाद' म्हणावं आणि आईवडलांना नंतर समुपदेशकांकडं पाठवावं. वृंदाला जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते मगदुमांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, चौकटीत बसवून लावलेलं होतं.

पण पोरं काय दूधखुळी असतात होय? खरंच रक्त गोठलं तर मॅडम लगेच दुसरा थेंब घेतात. इथं दुसरा कुणीच घेत नाही, हे त्यांनी बरोब्बर हेरलं. सहा महिन्यांत मिरज-सांगलीच्या शाळाशाळांत अर्थ पोचला. झाकायला म्हणून काढलेला शब्द, तोच आता चारचौघांत सगळं सांगत सुटला होता.

संध्याकाळी अभिनंदन डेपोतून आला. एसटीच्या विजेवरच्या गाड्या चार्जिंगला लावायचं काम त्याच्याकडं होतं. हातपाय धुऊन होईतो वृंदानं त्याला सगळं सांगून टाकलं.

"सोमवारी घरी ठेवू तिला," तो म्हणाला. "ताप आला म्हणायचं."

"मंगळवारी राहिलेल्यांचा कॅम्प असतो. आणि दोन्ही दिवस जी पोरं येत नाहीत, ती का येत नाहीत हे वर्गाला बरोबर कळतं."

"मग शाळाच बदलू."

"कुठं जायचं अभिनंदन? निपाणी सोडून इथं आलो ते याच्यासाठीच ना? आता मशीन सगळीकडं आहे."

खरंच होतं ते. दहा वर्षांपूर्वी कोर्टाचे कागद रीतसर करून अकरा आठवड्यांची आर्जवी त्यांनी एका संस्थेतून घरी आणली होती. संस्थेच्या ताईंनी निघताना बजावलं होतं, मुलीला लहानपणापासून सांगत राहा, गोष्टीसारखं सांगा, एकदम कधीतरी सांगू नका. पण वृंदाच्या सासूबाई, त्यांना ती आत्ती म्हणायची, त्यांचं म्हणणं उलटं. पोरीच्या कानावर जाता कामा नये. लोक जगू द्यायचे नाहीत तिला. त्यांनी हातात हात घेऊन वचनच घेतलं आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. मेलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? दोघं गाव सोडून मिरजेला आली आणि सांगायचं ते राहून गेलं.

"हातनोंद कर की मग," अभिनंदन हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

मशीनचा कॅमेरा रुसला तर हातानं नोंद करायची सोय होती. आपला अंगठा लावायचा, 'पिवळे' म्हणून आकडा भरायचा. बारा, पंधरा, काय वाटेल तो. वृंदाच्या मनात हे येऊन गेलं नव्हतं असं नाही. दुपारपासून तिच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

"आणि उद्या तिला काही झालं तर?" तिनं विचारलं. "भाजली, गाडीखाली आली, काय पण. डॉक्टर कार्ड बघणार. दाता आई. माझी कातडी काढून तिला लावणार, गोळी एक देणार नाहीत, कारण कार्डावर लिहिलंय गरज नाही म्हणून. आणि तिचं शरीर ती फेकून देणार. समजतंय का तुला? माझ्या खोट्यानं मरेल ती."

अभिनंदन मटकन खुर्चीत बसला. दिवसाला साठ बसगाड्यांशी झगडणारा माणूस, पण त्याचा आवाज पार खाली गेला. "आणि खरं कळल्यावर? उठून जाईल गं ती आपल्यातनं."

वृंदालाही हीच भीती होती आणि तिच्यापाशी तर आणखी एक भीती होती, ती तिची एकटीची.

तिच्या ओटीपोटावर आडवा व्रण होता. आर्जवी चार वर्षांची असताना एकदा वृंदा साडी बदलत होती. पोरीनं तिथं बोट ठेवून विचारलं, मी कुठून आले? आणि वृंदाच्या तोंडून निघून गेलं, "इथून." झालं! पोरगी अशी हरखली, की तेव्हापासून त्या व्रणाचं नावच 'माझं दार' पडलं. दर वाढदिवसाला वृंदा तिला ओवाळायची आणि ओवाळून झालं की आर्जवी ताटातलं कुंकू बोटावर घेऊन आईचा पदर बाजूला करायची आणि दाराला टिकली लावायची. सहा वर्षं हे चाललं होतं. तो व्रण वृंदाची गर्भपिशवी काढली त्या ऑपरेशनचा होता.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. सांगायला तोंड उघडायचं आणि भाजीत मीठ कमी आहे का विचारायचं, असं दोन दिवस चाललं. घराच्या चार भिंती तिच्या अंगावर आल्या. जिकडं वळावं तिकडं सोमवार उभा.

रविवारी दुपारी आरोग्य केंद्रात मशीनची साफसफाई आणि चाचणी असायची. वृंदा आर्जवीला घेऊन गेली. केंद्र बंद, आत दोघीच. आर्जवीला मशीनचं बटण दाबायला फार आवडायचं. वृंदानं मनाशी ठरवलं होतं, आधी आपलं रक्त दाखवायचं, मग हळूहळू विषय काढायचा.

तिनं स्वतःचं बोट टोचलं, थेंब ठेवला. दुसऱ्या थेंबाची जागा रिकामीच सोडली. थोड्या वेळानं पडद्यावर नऊ निळे ठिपके उमटले.

"अय्या, तुझ्यात कोण आहे?"

"तुझी बेळगावची आज्जी. माझी आई."

"ती तर वारली की!"

"चार वर्षं झाली. पण यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मस्त फिरालेत बघ." वृंदा हसली. "तिचा थेंब आता आपल्याकडं नाही ना, म्हणून निळ्या दिसतात."

आर्जवीनं पडद्याला नाक लावलं. नऊ ठिपके तिनं दोनदा मोजले. मग झटकन वळून तिनं आपलं बोट आईपुढं धरलं. "आता माझं टोच. माझ्यात तू किती आहेस बघू."

तीन दिवस घोकलेलं सगळं वृंदाच्या डोक्यातून पुसलं गेलं. समोर ते इवलंसं बोट, नखावर पेनाची शाई.

"आरू," ती म्हणाली, "तुझ्यात मी एकपण नाही."

"ह्या! असं कसं? मशीन बिघडलंय का?"

"मशीन चांगलं आहे. तू माझ्या पोटातनं आली नाहीस बाळा. दुसऱ्या बाईच्या पोटी जन्मलीस. एकोणीस वर्षांची होती ती, एवढंच मला माहीत आहे. तिला तुला सांभाळता येणार नव्हतं. तू अकरा आठवड्यांची होतीस तेव्हा मी आणि पप्पांनी तुला घरी आणलं."

बोट तसंच पुढं होतं. मग ते हळूहळू खाली आलं आणि वृंदाच्या पोटाकडं वळलं. "मग ते काय आहे? माझं दार?"

"ते ऑपरेशनचं आहे. मला मूल होणार नव्हतं, पिशवी काढली, तेव्हाचं. तू यायच्या आधीचं."

"मग मी इतकी वर्षं कुंकू कशाला लावत होते?"

वृंदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. "मी घाबरले गं. एकदा तोंडातनं गेलं आणि तू इतकी खूश झालीस, की परत घ्यायचं धाडसच झालं नाही. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वाढदिवसाला सांगू. चुकलं माझं. फार चुकलं."

"म्हणजे मी बाद आहे," आर्जवी म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं. "आणि मी गार्गीला ओरडले."

"तू बाद नाहीस. गार्गीपण नाही. तो शब्दच चुकीचा आहे. मीच काढला तो."

"तू?"

"टीव्हीच्या वरचं प्रशस्तिपत्र आहे ना, ते त्याचंच."

आर्जवीनं आईकडं असं पाहिलं, की वृंदाला वाटलं, अभिनंदन म्हणाला तेच झालं, गेली ही. पोरीनं चपला घातल्या आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी पाठमोरी उभी राहिली. घरी येईपर्यंत तिनं आईच्या कमरेला हात धरला नाही. मागची दांडी धरून बसली.

घरी आल्यावर तिनं बापाला एकच विचारलं. "पप्पा, तुम्हाला पण माहीत होतं?" अभिनंदननं मान हलवली आणि तिला जवळ घ्यायला हात पुढं केले. ती गेली नाही. खुर्ची ओढून तिनं टीव्हीच्या वरचं प्रशस्तिपत्र उतरवलं, काच भिंतीकडं करून जमिनीवर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. जेवायला आली, जेवली, ताट उचललं आणि परत खोलीत गेली.

सोमवारी सकाळी तिनं वेणी आपली आपण घातली. एकीकडं घट्ट, एकीकडं सैल. वृंदाचे हात नुसते शिवशिवले. तिनं दारातूनच विचारलं, "आरू, आज नको वाटत असेल तर येऊ नकोस. लोक काय म्हणतील ते म्हणू देत." पोरगी रिक्षात बसून गेली.

शाळेच्या सभागृहात वृंदा मशीन मांडून बसली. पांढरा ॲप्रन, हातमोजे, समोर मुलांची आणि आयांची रांग. सात जोड्या झाल्या. पिवळे, पिवळे, पिवळे. बारा, एकोणीस, आठ. आया पडद्याचे फोटो काढत होत्या. दर थेंबागणिक वृंदाचं लक्ष दाराकडं जात होतं. आठव्या नंबरला मुख्याध्यापिकाबाईंनी यादीतून पुकारलं, "आर्जवी मगदूम," आणि कुणीच पुढं आलं नाही. वृंदानं डोळे मिटले. नाही आली ना, बरं झालं, असं एक मन म्हणालं. दुसरं मन जे म्हणालं ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

"आले, आले!"

आर्जवी दारातून आत येत होती आणि तिनं कुणाला तरी हात धरून ओढत आणलं होतं. गार्गी ऐनापुरे. ब वर्गाची ती, तिचं आज इथं काही काम नव्हतं. रांगेतली पोरं कुजबुजायला लागली. आर्जवी सरळ येऊन खुर्चीत बसली. गार्गी तिच्या मागं, खुर्चीची पाठ धरून उभी.

"आईचा थेंब?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. "अरेच्चा, आई तर इथंच आहे की."

वृंदानं हातमोजा काढून आपलं बोट टोचलं. मग आर्जवीचं बोट हातात घेतलं. शाई अजून तशीच होती. टोचून थेंब मशीनमध्ये ठेवला.

पडदा उजळला. एक निळा. मग तीन. मग भराभर सगळे.

पुस्तिकेत काय म्हणायचं ते लिहिलेलं होतं. पण तंत्रज्ञच आई असेल तर काय म्हणायचं, ते कुणी लिहिलं नव्हतं. साहेब काय म्हणतील ते तिला माहीत होतं. ओठांवर ते दोन शब्द सवयीनं येऊन बसले. पडदा फिरवायला हातही उठला.

"काय दिसतंय, आई?" आर्जवीनं विचारलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिची मान ताठ होती, पण दुसऱ्या हातानं तिनं फ्रॉकचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. "मोठ्यानं सांग."

वृंदानं पडदा रांगेकडं फिरवला.

"नमुना उत्तम आहे," ती म्हणाली. "सतरा पेशी. सगळ्या निळ्या. ज्या आईनं तुला जन्म दिला, तिच्या. माझी एकही नाही."

मुख्याध्यापिकाबाईंच्या हातातली यादी तशीच राहिली.

"जिवंत आहेत?" आर्जवीनं विचारलं.

"सगळ्या."

"आज्जीच्या पण निळ्याच होत्या," आर्जवी म्हणाली. ती हे गार्गीला सांगत होती.

वृंदाला हुंदका आवरेना. तिनं तोंडावर हात धरला. आर्जवी खुर्चीतून उठली. टोचलेल्या बोटावर रक्ताचा नवा थेंब आला होता. तिनं तो पाहिला, आईकडं पाहिलं आणि पुढं होऊन ते बोट ॲप्रनवर टेकवलं, बेंबीच्या खाली, नेमकं तिथं. जागा शोधावी लागली नाही तिला. पांढऱ्या कापडावर लाल टिकली उमटली.

"आता कापूस दे की," ती म्हणाली. "दुखतंय मला."